तळघरातील मिस्सा



आपणही एके काळी मिसर देशात परके होतो, हे स्मरून परक्याशी वागावे, अशी आज्ञा लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. आज्ञा सर्वांनाच आहे. पण ती समाजात पाळली जाते की नाही, हे बरेचसे पुढाकार घेणाऱ्यांवर ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो गरीब इटालियन अमेरिकेला गेले. ते कॅथलिक, आणि त्यांच्या आधी येऊन स्थिरावलेले आयरिशही कॅथलिकच. तरीही न्यूयॉर्कच्या काही चर्चमध्ये इटालियनांची मिस्सा खाली तळघरात होई. एकाच प्रभूच्या घरात असे दोन मजले!

मदर फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांना चीनला जायचे होते. पोप तेरावे लिओ यांनी त्यांना पश्चिमेकडे जाण्यास सांगितले. ३१ मार्च १८८९ रोजी सहा धर्मभगिनींसह त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा आर्चबिशपांनी त्यांना परत जाण्याचा सल्ला दिला. त्या परतल्या नाहीत. त्यांनी शाळा, अनाथाश्रम, इस्पितळे उभारली. आपल्या माणसांची भाषा आणि भक्ती त्यांनी जपली, पण त्यांना वेगळ्या कोंडाळ्यात बसवून ठेवले नाही. १९०९ साली त्या स्वतः अमेरिकेच्या नागरिक झाल्या. आपण मूळचे कोण हे न विसरता नव्या देशाचे होता येते, हे लोकांनी त्यांच्याकडे पाहून जाणले. १९४६ साली त्यांना संतपद मिळाले. इकडे इटलीत बिशप स्कालाब्रिनी यांनी १८८७ मध्ये स्थलांतरितांसाठीच धर्मगुरूंचा संघ काढला होता. त्यांना संतपद मिळायला मात्र २०२२ साल उजाडले.

आपल्या धर्मग्रामातही नव्या इमारतींत गोवा, मंगळूर, केरळ, झारखंडहून आलेली कुटुंबे राहतात. आपल्याकडे तळघर नाही, हे खरे. पण मिस्सा सुटल्यावर आपण आपापल्या आळीचे घोळके करून उभे राहतो आणि ती माणसे मुकाट्याने घरी जातात. 'बाहेरचे' हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो. आम्ही धर्मगुरू, वाडीप्रमुख आणि पॅरिश कौन्सिलचे सभासद, आम्हीच तो वापरला तर मुले दुसरे काय शिकणार? गायनवृंदात, धर्मशिक्षणाच्या वर्गात, विन्सेंट डी पॉल मंडळात त्यांच्यापैकी कितीजण आहेत, हे आपण मोजून पाहू या. चर्चच्या सणाची समितीही अजून ठरायची आहे.