कीटकाची कैफियत

पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर जी टीका रचली, तिचे पहिले पाच अध्याय पैठणास सिद्ध झाले आणि उर्वरित ग्रंथ इ. स. १५७३ मध्ये काशीस पूर्ण झाला, ही हकीकत आमच्या भागात सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या सातव्या ते नवव्या अध्यायांत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंचा वृत्तान्त सांगणारा जो अवधूत भेटतो, तो निसर्गाकडे किती जवळून पाहत होता, हा विचार कीर्तनाच्या ओघात बहुधा राहूनच जातो. मधमाशी, पतंग, अजगर, कुरर पक्षी, कोळी अशी ही गुरुमालिका आहे, आणि तिच्या शेवटी येते ती कुंभारीण माशी, जिला संतवाङ्मयात भृंगी म्हणतात. ती एक कीटक धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते, आणि भयाने तिचेच अखंड ध्यान करणारा तो कीटक अखेरीस तिच्या रूपाला पोहोचतो. यावरून, स्नेहाने, द्वेषाने किंवा भयाने का होईना, चित्त जेथे पूर्णपणे जडते तेथे ते तद्रूप होते, हा सिद्धान्त अवधूताने काढला.

आता छत्रपती संभाजीनगरात ज्यांनी क्लोज-अप छायाचित्रणाचा नाद लावून घेतला आहे, मग ते हिमायत बागेतील झाडोऱ्यात फिरोत की स्वतःच्या परसात, त्यांना हा दृष्टान्त अडचणीत आणल्यावाचून राहत नाही. मॅक्रो लेन्सने जीवाची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी टिपावयाची म्हटली, तर ॲपर्चर बरेच लहान करूनही स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळते. आपण श्वास सोडला की किड्याचा डोळा धूसर होतो आणि मिशी मात्र रेखीव येते. यामुळे माणसाला एका जागी निश्चल बसणे भाग पडते. या सक्तीच्या स्थैर्याला योगाभ्यास वगैरे मोठे नाव देण्याची मला घाई नाही. पण अशा बैठकीत जे दिसते ते दुरून दिसत नाही, एवढे खरे.

दिवाळीपूर्वी ओसरीची भिंत खरवडताना रंगाऱ्याच्या पत्र्याने एक घरटे दुभंगले, त्याची छायाचित्रे मजजवळ आहेत. आत हिरव्या अळ्या दाटीने रचलेल्या होत्या, पाहताक्षणी मृत वाटाव्या अशा. परंतु कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून पाहताना एकीच्या मागील पायांची थरथर स्पष्ट दिसली. तिच्या डोक्याच्या कडेला साध्या डोळ्यांचे काळे ठिपके होते, आणि वर, मातीच्या छतापासून अतिसूक्ष्म तंतूने लोंबणारे, माशीचे पिवळसर अंडे. हा तंतू कशासाठी, याची उकल फ्रान्सच्या जाँ-आंरी फाब्रने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच कुळातील माश्यांची घरटी उघडून केली होती: डंखाने अळ्या बधिर होतात, जिवंत असल्यामुळे सडत नाहीत, पण त्यांची वळवळही पुरती थांबत नाही, म्हणून नाजूक अंडे त्यांच्यापासून अधांतरी राखलेले असते, पुढे त्यातून निघालेला जीव खाली उतरून त्या ताज्या मांसावर पोसला जातो. कोंडलेला कीटक भृंगी होत नाही. तो भृंगीच्या संततीचे अन्न होतो.

यावर विज्ञानाचा अभिमानी हसतो, आणि श्रद्धाळू मनुष्य दृष्टान्ताची एवढी चिकित्सा कशाला, म्हणून विषय आवरता घेतो. मला दोघांचेही समाधान स्वस्त वाटते. अवधूताचे निरीक्षण अप्रामाणिक नव्हते. कीटक आत जाताना दिसला, माशी बाहेर पडताना दिसली, आणि मधला सारा व्यवहार मातीच्या भिंतीआड होता. चूक झाली ती अनुमानात. गौतमाच्या न्यायसूत्रांनी मात्र याबाबत मोठा करडा नियम घालून दिला आहे: ज्या विषयात सामान्य जन आणि परीक्षक या दोघांची बुद्धी समान, तोच दृष्टान्त. परीक्षकाने घरटे उघडले त्या क्षणी ही समानता संपली, आणि आपल्याच शास्त्राच्या कायद्याने तो दाखला दप्तरातून खारीज झाला. त्याने सिद्धान्त खोटा ठरत नाही. त्याला दुसरा साक्षीदार हवा, आणि भयाने अहर्निश कृष्णच पाहणारा कंस भागवतातच हजर आहे.

खरी अडचण आहे ती कीटकाची. दृष्टान्तात त्याचा शेवट गोड होता, म्हणून त्याची जबानी घेण्याचे कुणाला कारण पडले नाही. येथून जवळच वेरूळला, ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्यांत जिच्या मूर्ती आहेत, त्या जैन परंपरेने ही जबानी फार पूर्वी घेतली होती. तत्त्वार्थसूत्रात कृमी, पिपीलिका, भ्रमर आणि मनुष्य यांची इंद्रिये एकेका संख्येने वाढत जातात, पण जीव या नात्याने कुणीच बेदखल नाही. बत्तिसाव्या लेण्यातील ध्यानस्थ बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या आहेत, आणि तो त्याही झटकत नाही. इकडे डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रे यास लिहिलेल्या पत्रात, अळ्यांच्या जिवंत देहावर पोसणाऱ्या माश्या एखाद्या दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने हेतुपुरस्सर निर्मिल्या असतील, हे आपल्या मनास पटत नाही, अशी कबुली दिली. आमच्याकडे पूर्वकर्माचे उत्तर तयार असते. पण मला ते प्रकरण वरच्या कचेरीकडे रवाना करून मोकळे होण्यासारखे वाटते, कारण ज्या अळीचे पाय थरथरताना पाहिले तिच्यापुरते त्यातून काहीच निकालात निघत नाही.

अवधूत स्वतः सांगतो की, हे गुरू त्याने आपल्या बुद्धीने केले. म्हणजे कबुतराने, माशाने वा पतंगाने त्याला शिकवले नाही, त्याने घेतले, आणि यांपैकी कित्येकांकडून तर काय टाळावे तेच घेतले. अशा माणसाने उघडे घरटे पाहिले असते, तर दृष्टान्त बदलण्यास तो कचरला नसता, अशी माझी खात्री आहे. मात्र चोवीसांच्या यादीत नोंद आहे ती भृंगीची, कीटकाची नाही. आणि यदुराजाने त्याच्याविषयी पृच्छाही केली नाही. नाथषष्ठीस पैठणच्या वाळवंटात एखाद्या बुवांनी ती पृच्छा पूर्वरंगात घ्यावी. दाखल्यासाठी छायाचित्र लागलेच, तर ते देण्यास मी तयार आहे.