कळणे आणि कळविणे

आमचे थोरले बंधू अण्णा रोज सकाळी भाईंदरच्या मिठागरांकडे फिरावयास जातात. चाळीस वर्षांची पायाखालची वाट. परवा ते तीच वाट चुकले. एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणून सोडले. गेले वर्षभर नावे निसटत होतीच. त्या दिवशी रस्ताही निसटला.

डॉक्टरांनी ब-१२ जीवनसत्त्व व थायरॉइड तपासले. या दोहोंच्या उणिवेनेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारतो. तेथे काही सापडले नाही. तेव्हा त्यांनी रक्ताची एक नवी परीक्षा सुचविली. पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबांना यातले काही सांगू नका. साखरेसाठी रक्त घेतोय म्हणू."

मुलाच्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही.

१९०६ साली आल्त्सहायमर या जर्मन वैद्याने आपल्या एका रुग्णेचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो ती वारल्यावर. पुढे कितीतरी वर्षे या रोगाची खात्री मरणोत्तरच होई. नंतर मेंदूची चित्रे आली, पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासणे आले. आता मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइडची आणि बिघडलेल्या टाऊ प्रथिनाची चाहूल हातातल्या शिरेत लागते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तपरीक्षेस मान्यता दिली. तीही लक्षणे दिसू लागलेल्या प्रौढ माणसांपुरती. ही परीक्षा म्हणजे कुंडली नव्हे. मेंदूत अमायलॉइड असूनही शेवटपर्यंत शुद्ध बुद्धीने जगलेली माणसे आहेत. म्हणून धडधाकट माणसाने उगीच ती करून घेऊ नये, असे जाणकार म्हणतात. मलाही ते पटते.

पण अण्णांचे तसे नाही. त्यांना स्वतःलाच काही हरवत असल्याचे जाणवते आहे. अशा वेळी ते ज्ञान कोणाचे? ज्याच्या रक्तातून ते निघाले त्याचे, की ज्यांना त्याची काळजी वाहायची आहे त्यांचे? रोग माणसाचे निर्णय एकेक करून हिरावतो. आम्ही लपविले, तर रोगाच्याही आधी आम्हीच हात मारला असे होईल. आणि खरे सांगायचे तर, लपविण्यात अण्णांची भीती वाचत नाही. सांगितल्यावर त्यांच्यासमोर बसून राहण्याची आमची भीती वाचते.

न कळण्याचाही माणसाला हक्क आहे, हे मी मानतो. मात्र तो ज्याचा त्याने बजावायचा असतो. दुसऱ्याने बजावला की त्याला फसवणूक म्हणतात.

पुतण्याला समजावून मी अण्णांनाच विचारले, "अण्णा, तुम्हांला कळायला हवे आहे का?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रक्त घ्या. निकाल आधी मला सांगा, मग पोराला. आणि मी विसरलो, तर पुन्हा सांग."

मी होय म्हणालो. आता वाटते, घाई केली. उद्या जे अण्णा ऐकतील, त्यांना हे मागणे आठवणार नाही. त्यांच्या लेखी ती बातमी दर वेळी नवी असेल. आजच्या अण्णांना दिलेले वचन उद्याच्या अण्णांना दुखवून पाळायचे काय? निकाल यायचा आहे. त्याहीपेक्षा या प्रश्नाने मी अस्वस्थ आहे.