पितळेच्या दोन पट्ट्या

कुंभकोणमला एक पितळेचा व्यापारी राहत होता. घरात मराठी, दुकानात तमिळ. तंजावरचं मराठी राज्य १८५५ साली संपलं, पण त्या मुलखात रुजलेली मराठी घरं तिथंच राहिली. त्यांतलंच हे एक. जवळच्या नाच्चियारकोइल गावात पितळेचे उभे दिवे ओततात. त्यांना कुत्तुविळक्कु म्हणतात. व्यापारी ते दिवे घेई आणि चेन्नईला पाठवी. वाट सुमारे तीनशे किलोमीटरची, माल जड. त्यासाठी त्यानं पिकअप घेतली होती.

गाडीवर त्याचा फार जीव. सकाळी दुकान उघडण्याआधी तो तिच्या काचेवरून फडकं फिरवायचा. गाडीवर एक ड्रायव्हर होता आणि ड्रायव्हरच्या हाताखाली एक पोरगा. पोरगा कमी बोलायचा. पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यानं दोनदा वाचून काढलं होतं.

ऑइल बदलायची वेळ आली. व्यापारी पोराला घेऊन स्वतः दुकानात गेला.

"सगळ्यात भारी ऑइल कुठलं?"

दुकानदारानं एक डबा पुढं सरकवला. "हे घ्या. सिंथेटिक. जीएल-५. कितीही भार लादा, दात झिजायचे नाहीत."

"मग हेच दे. मागच्या डिफरन्शियलला हेच आणि गिअरबॉक्सलाही हेच."

पोरगा हळूच म्हणाला, "मुदलाळी, पुस्तकात गिअरबॉक्सला जीएल-४ लिहिलंय." तिकडं मालकाला मुदलाळी म्हणतात.

"चारपेक्षा पाच मोठे ना?" व्यापारी म्हणाला. "माझ्या गाडीला मी कमी का देऊ?"

पोरगा गप्प बसला.

पहिले काही महिने गाडी छान चालली. व्यापारी ज्याला-त्याला डब्याची किंमत सांगायचा. मग दुसऱ्यावरून तिसऱ्यावर टाकताना गिअर करकरायला लागला. ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून वेळ निभावायचा. शेवटी एकदा भरली गाडी घेऊन जाताना, कोळ्ळिडम नदीच्या अलीकडे, तिसरा गिअर पडेचना. गाडी ओढून परत आणावी लागली.

मेकॅनिकनं गिअरबॉक्सखाली परात ठेवली आणि ड्रेन प्लग सोडला. ऑइल खाली आलं. उन्हात त्यात बारीक चमक दिसत होती, सोनेरी भुकटी कालवल्यासारखी.

"लोखंडाचा कीस असेल," व्यापारी म्हणाला.

पोरानं लोहचुंबक आणून परातीत फिरवला. त्याला चार काळे केस चिकटले, बस. सोनेरी भुकटी होती तिथंच राहिली.

दिवे पोचवायला आलेला एक म्हातारा ओतारी बाजूला बसून हे बघत होता. तो उठला, भुकटीत बोट बुडवलं, तळहातावर घासलं आणि हात उन्हात धरला.

"ही माझ्या धंद्यातली वस्तू आहे, तंबी," तो म्हणाला. "पितळ."

"अय्या, गिअरबॉक्समध्ये पितळ कुठून येईल?"

मेकॅनिकनं गिअरबॉक्स खोलला आणि एक रिंग काढून व्यापाऱ्याच्या हातात दिली. बांगडीएवढी पिवळी रिंग, कडेनं दाते. दात्यांची टोकं बोथट झाली होती, आतल्या अंगाच्या बारीक रेघा पुसून गेल्या होत्या. "ही सिंक्रो रिंग. गिअर बदलताना आतली दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरत असतात. ही मधे घासून दोघांना एका गतीवर आणते, मग दात दातांत बसतात. लोखंड लोखंडावर आदळू नये म्हणून मधे हे मऊ पितळ."

जन्मभर पितळ विकणाऱ्या माणसाला आपल्याच गाडीतलं पितळ ठाऊक नव्हतं. तो रिंग उलटसुलट करून बघत राहिला.

ओताऱ्यानं दोन वाट्यांत दोन ऑइलं मागितली. एका वाटीत व्यापाऱ्याचं भारी जीएल-५, दुसरीत मेकॅनिककडचं जीएल-४. घरी जाऊन त्यानं पितळेच्या एकाच पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, राखेनं घासून लख्ख केल्या, एकेका वाटीत एकेक बुडवली आणि दोन्ही वाट्या भट्टीच्या कडेला ठेवल्या. प्रयोगशाळेतही असंच करतात, तांब्याची घासलेली पट्टी गरम तेलात ठेवून तिचा रंग पाहतात. म्हाताऱ्यानं प्रयोगशाळा पाहिली नव्हती. पितळ कशानं काळवंडतं ते त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही पट्ट्या पुसून व्यापाऱ्यापुढं ठेवल्या. जीएल-४ मधली पिवळीच होती. जीएल-५ मधली काळपट पडली होती.

"यात गंधक जास्त असतं," मेकॅनिक म्हणाला. "डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, घसरतातही. भार आला की मधला तेलाचा थर फाटतो. तेव्हा हे गंधक पोलादावर पातळ साय धरतं आणि दात वाचवतं. तेच गंधक तापलं की पितळेला खातं. दोन्हीकडे चालतील अशी ऑइलंही मिळतात, पण तसं डब्यावर लिहिलेलं असावं लागतं."

"म्हणजे हे सिंथेटिक वाईट!" व्यापारी चिडला. "डिफरन्शियलमधलंही काढ आणि फेकून दे."

"थांबा, मुदलाळी," पोरगा म्हणाला. तो गाडीखाली शिरला. त्यानं डिफरन्शियलचा प्लग सोडून आणला. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर पुसट करडा लेप होता, कण एकही नाही. इतका भार, इतकं ऊन आणि इतकी धाव होऊनही आतलं पोलाद शाबूत होतं.

"सिंथेटिक हे ऑइलचं कूळ झालं," मेकॅनिक म्हणाला. "ते उन्हात टिकतं, लवकर जळत नाही. तुमच्या धावेला चांगलंच आहे. जीएलचा आकडा म्हणजे त्याचं काम. सिंथेटिकमध्ये जीएल-४ सुद्धा येतं."

व्यापारी ओताऱ्याकडे वळला. "अय्या, मी तर सगळ्यात चांगलं ते आणलं होतं."

"तंबी, तुमच्या घरी दिवे कशानं घासतात?"

"चिंचेनं."

"आणि दिवा रात्रभर चिंचेत राहिला तर?"

"तांबूस डाग पडतात."

"मग चिंच फेकून देता का?"

व्यापारी काही बोलला नाही.

"तुम्ही ऑइलची किंमत विचारलीत," म्हातारा म्हणाला. "ते कुणाच्या अंगाला लागणार, ते विचारलं नाहीत."

नव्या रिंगा बसल्या. डिफरन्शियलचा प्लग परत घट्ट केला. व्यापारी पोराला घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेला. दुकानदारानं ओळखलं, हसला आणि फळीवरचा सगळ्यात महागडा डबा काढून समोर ठेवला.

व्यापाऱ्यानं डब्याला हात लावला नाही. तो बाजूला सरकला आणि पोराला पुढं केलं.

पोरानं पिशवीतून पुस्तक काढलं आणि कोपरा दुमडलेलं पान उघडलं.