बहात्तरावा हिस्सा

विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींचे एक लाडके प्रमाण आहे : एकास बहात्तर. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. सहा फूट ही चांगल्या उंचपुऱ्या पुरुषाची उंची. तेव्हा या जगात माणूस भरतो तो बरोबर एक इंच. हे प्रमाण ज्याने योजले त्याला थोडी अध्यात्माची गोडी असावी, असे मला उगाचच वाटते.

मी राहतो शीळफाट्याला. मुंब्रा, पनवेल, कल्याण आणि महापे अशा चारी दिशांचे रस्ते इथे एकमेकांना भेटतात आणि रात्रभर अवजड ट्रकांची रांग हलत राहते. त्या घरघराटात आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रात्री दहानंतर टेबलावर दिवा ओढून लढाऊ विमाने जोडीत बसतात. दिवसा ते एका गोदामात हिशेब लिहितात. प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेला एकेक भाग पात्याने सोडवायचा, पॉलिश कागदाने घासायचा, बारीक कुंचल्याने डिंक लावायचा, रंगाचे हात द्यायचे. आणि सरतेशेवटी पाण्यात भिजवलेले, मसुरीएवढे तिरंगी वर्तुळ पंखावर अलगद सरकवायचे. एका विमानाला दोन महिने सहज लागतात. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आषाढीला सुटी मिळाली नाही तर दिवसभर खिन्न असतात. असा माणूस पंखाखाली क्षेपणास्त्र चिकटवताना ते तिरपे बसू नये म्हणून श्वास रोखून धरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. संहारासाठी घडवलेल्या वस्तूवर इतके प्रेम करावे का, हा प्रश्न मला तिथेच पडला.

‘खेळणे ते, त्यात काय एवढे?’ असे म्हणून तो उडवून लावता येईल. पण खेळणे इतके निरागस कधीच नव्हते. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळांतील मुलांकडे विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागितल्या. मुलांनी हस्तकलेच्या तासाला लाकूड कोरून त्या केल्या आणि काळ्या रंगवल्या. प्रमाण हेच, एकास बहात्तर. पस्तीस फुटांवरून ती प्रतिकृती पाहिली की अर्ध्या मैलावरचे खरे विमान जसे दिसेल तशी ती दिसे. विमान आपले की शत्रूचे, हे तोफेवरच्या सैनिकाला क्षणात कळावे म्हणून हा उद्योग होता. मीही हस्तकला शिकवतो. माझ्या वर्गातल्या पोराने कोरलेल्या तुकड्यावरून कोणावर गोळी झाडायची नाही हे कोणी शिकला असता, तर मला आनंद झाला असता. पण त्याच तुकड्यावरून कोणावर झाडायची हेही तो शिकणारच. दोन्ही धडे एकाच लाकडात असतात.

उलट, असली विमाने जमवणारा प्रत्येक माणूस युद्धपिपासू असतो असे म्हणणेही मला पटत नाही. तलवारीच्या मुठीवरची नक्षी आपण संग्रहालयात थबकून पाहतोच की! विमानाला तर नक्षीही नसते. त्याचा आकार वाऱ्याने ठरवलेला असतो. उगाच काढलेली एक रेघही तिथे चालत नाही. मिग-२१ चा त्रिकोणी पंख पाहा. टोकापासून टोकापर्यंत खरा पंख सव्वासात मीटरांनाही थोडा कमीच; आमच्या शेजाऱ्यांच्या कपाटात तो दहा सेंटिमीटरांत मावतो. ती ऐट पाहून मन हरखत नाही असे मी म्हणालो तर ते ढोंग ठरेल. शिवाय हे विमान आपल्या नाशिकजवळ, ओझरच्या कारखान्यात तयार होत असे. १९६३ मध्ये ते वायुदलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला समारंभाने निरोप देण्यात आला. त्या दिवशी शेजाऱ्यांनी आपले मिग कपाटातून काढले, मऊ कुंचल्याने त्यावरची धूळ झाडली आणि पुन्हा जागेवर ठेवले.

त्या मिगमध्ये वैमानिक नाही. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “माणूस जमत नाही, मास्तर. इंचभर पुतळ्याला चेहरा देता येत नाही. आणि बिनचेहऱ्याचा बसवला की सगळे विमानच खोटे दिसते.”

या उत्तराचा मी बरेच दिवस विचार केला. ही एका कारागिराची सचोटी आहे. जे खरे करता येत नाही ते त्याने केलेच नाही. पण पंखावरचा खिळान् खिळा मोजून उतरवणाऱ्या अचूकपणातून नेमका माणूसच निसटावा, हे मला सलते. २०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की, वायुदलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला असेच गेले. दोष त्यांच्यावर ठेवला गेला, तेव्हा त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मुलाचे नाव निष्कलंक व्हावे म्हणून वर्षानुवर्षे झुंज दिली. रिकाम्या आसनाकडे पाहताना मला हे आठवते. अँटनींनी दिलेल्या आकड्यांत आणखी एक आकडा होता : ३९ नागरिक. हे लोक विमानात नव्हते. ते खाली होते.

हे ‘खाली’ काय असते, ते पाहायला आम्हाला फार दूर जावे लागत नाही. शीळफाट्याहून कल्याणच्या वाटेवर काटई नाका लागतो. तिथून बदलापूर रस्त्याला वळले की खोणीच्या पुढे नेवाळी येते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने इथे धावपट्टी बांधली आणि त्यासाठी आसपासच्या गावांची जमीन घेतली. युद्ध संपल्यावर ती परत मिळणार होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ती संरक्षण खात्याचीच, असे सरकारचे. मधल्या काळात तिथे भात होत राहिला. नौदलाच्या कुंपणाचे काम सुरू झाले आणि २२ जून २०१७ ला रस्त्यावर गाड्या जळल्या, पोलिसांना छऱ्यांच्या बंदुका चालवाव्या लागल्या, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. युद्ध संपून तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती. कुठल्याही खोक्यात विमानाबरोबर त्याच्याखालची जमीन मिळत नाही. विमान उभे राहते ते काचेच्या फळीवर, आणि काच कोणाच्याच मालकीची नसते.

इथे मला आपले दिवाळीचे किल्ले आठवतात. तीही लष्करी वास्तूची प्रतिकृतीच! तिथे प्रमाणाचा मात्र आनंदीआनंद असतो. महाराज बुरुजापेक्षा उंच, आणि वाघ दरवाजात मावत नाही. पण पोरे पायथ्याशी विहीर खणतात, गवळण बसवतात, अळीव पेरून शेते हिरवी करतात. चिखलात हात घालणाऱ्या पोरांना, किल्ला म्हटला की खाली गाव आलेच, हे कोणी शिकवावे लागत नाही. अचूक विमानापेक्षा हा ओबडधोबड किल्ला मला अधिक खरा वाटतो. शेजाऱ्यांना मी तसे म्हणालोही. ते हसले. “तुम्ही कादंबरीवाले,” म्हणाले, “तुम्हाला सगळीकडे गाव लागते.”

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या मुलांनी किल्ला केला, तेव्हा त्यांना वर विमानही हवे होते. शेजाऱ्यांनी एक जुने, चाक मोडलेले विमान देऊ केले. पण ते उतरवायचे कुठे? सपाट जागा एकच होती आणि तिथे दुसरीतल्या एका मुलीचे अळीव बोटभर वर आले होते. मोठ्या मुलांनी तिला फळीचा तुकडा दाखवून धावपट्टी कशी छान दिसेल ते समजावले. तिने आधी ऐकून घेतले. मग ती अळिवाच्या वाफ्याशी मांडी घालून बसली आणि जेवायच्या हाका आल्या तरी उठली नाही. शेवटी शेजारी स्वतः खाली आले, गॅलरीच्या गजाला दोरा बांधला आणि विमान किल्ल्यावर अधांतरी टांगून दिले. वारा आला की ते हळूहळू फिरे. भाऊबीजेपर्यंत टिकले.