आधी बिल दाखवा, मग कलम सांगा

बसा. खुर्च्या लांब ओढू नका, दोघांशी एकदमच बोलायचंय. काल संध्याकाळी एक जण येऊन गेला, आज सकाळी दुसरा. दोघांच्या हातात प्लॅस्टिकच्या फायली आणि तोंडी एकच प्रश्न, 'बाई, केस कितपत मजबूत आहे?' म्हणून दोघांनाही पाचची वेळ दिली. समोर कोण बसणार ते मुद्दामच सांगितलं नाही.

संध्याकाळच्या वर्गात तुम्हाला अपकृत्यांचा कायदा मीच शिकवला. एक पहिल्या बाकावर, दुसरा खिडकीशी. पुढे एक बँकेत चिकटला, एक वडिलांच्या दुकानात बसला. सनद कुणीच घेतली नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दोन कुत्री भांडली म्हणून तुम्ही जे कागद रंगवलेत ते वाचून माझी मलाच लाज वाटली. हे मी शिकवलं?

पहिल्या बाकावरच्या, तुझ्यापासून सुरुवात. तुझ्या तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. सहा महिने कैद, पाच हजार दंड, शिक्षा बरोबर पाठ केलीस. कलम वाचलंस का पण? त्यात धोका कुणाला म्हटलाय? माणसाला. मानवी जीविताला धोका, नाहीतर जबर दुखापतीचा संभव. तुझी बबली पॉमेरेनियन आहे. तुला ती मुलीसारखी असेल, मला मान्य आहे. मुंबई उच्च न्यायालयालाही ते मान्य आहे. मरीन ड्राइव्हला दुचाकीखाली कुत्रा आला म्हणून जेवण पोचवणाऱ्या एका पोरावर पोलिसांनी माणसांसाठीची कलमं लावली होती. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं तो गुन्हाच रद्द केला. लोक कुत्र्या-मांजरांना लेकरासारखं वाढवतात, पण ती माणसं नव्हेत, हे सांगितलं आणि वर त्या पोराला वीस हजार रुपये द्यायला लावले. आणि तू तीच चूक टाइप करून, स्टेपल करून घेऊन आलास.

पुढच्या पानावर कलम ३२५. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, निकामी करणं, पाच वर्षांपर्यंत कैद. त्याला हेतू लागतो, निदान नुकसान होणार याची जाणीव लागते. कुणाची? मालकाची. खिडकीवाल्याच्या कुत्र्यानं, सीझरनं, मनात काय धरलं होतं ते कोर्ट विचारत नाही. त्याला कुणी छू म्हणून अंगावर सोडला असता तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा होता. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड माहीत आहे? दहा ते पन्नास रुपये. तुझ्या फायलीच्या झेरॉक्सचा खर्च त्याहून जास्त झालाय.

हसू नकोस रे खिडकीवाल्या, तुझी पाळी यायचीय.

तुझी उलट तक्रार वाचली. 'प्रथम पॉमेरेनियन जातीच्या श्वानाने चिथावणी दिली.' वर सीझरच्या कानाचा फोटो, त्यात ओरखडा भिंगानं शोधावा लागतो. आता सांग, त्या सकाळी पट्टा कुणाच्या हातात होता? तुझ्या पोराच्या. बारा वर्षांचं पोर, पस्तीस किलोचा जर्मन शेफर्ड, आणि तू वरच्या गॅलरीत चहा पीत उभा. पोराचा कोपर पार्किंगच्या फरशीवर सोलवटला. ते तुझ्या तक्रारीत कुठेच नाही, कारण ते लिहिलं असतंस तर तूच उघडा पडला असतास. आणि दिवाळीत सोसायटीच्या ग्रुपवर 'आमचा सीझर जरा तापट आहे, लहान कुत्र्यांना लांब ठेवा' असं कुणी टाकलं होतं? नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाला पहिलं हेच विचारतात की जनावराचा स्वभाव तुला ठाऊक होता का. तू तर ते लेखी देऊन बसलायस, तारीख-वेळेसकट.

मग चूक सगळी खिडकीवाल्याची, असं मनात म्हणालास ना? बबलीचा पट्टा कुठे होता? तुझ्या खिशात. 'ती कुठे जात नाही हो बाई,' असं काल तूच म्हणालास. ती गेली. भुंकत थेट त्याच्या नाकाशी गेली. पट्ट्यानं ओढून धरलेला मोठा कुत्रा आधीच तणावात असतो, त्याला मागे सरकता येत नाही. त्याच्यापुढे मोकळं पिल्लू सोडणं हाही निष्काळजीपणाच, आणि कुठलाही न्यायाधीश तो तुझ्या खात्यावर मांडेल.

हात दाखव. हे व्रण सीझरचे म्हणतोस? दातांमधलं अंतर बघ. सोडवायला मध्ये हात घातलास तेव्हा घाबरून तुझी बबलीच तुला चावलीय. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडाशी हात नेऊ नये, पाणी ओतावं, मध्ये खुर्ची सरकवावी. बरं, पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुतलंस? डॉक्टरकडे गेलास? नाही. पोलीस चौकीत मात्र तासाभरात पोचलास. एनसीची, अदखलपात्र तक्रारीची, पावती जपून ठेवलीस आणि बबलीचं लसीचं कार्ड घरी शोधावं लागेल म्हणतोस. तुझं रे? सीझरची रेबीजची लस मार्चमध्ये द्यायची होती ना? मान खाली घालू नकोस, तारीख सांग.

आणि काल-आजच्या मिळून दोन तासांत एकानंही मला सांगितलं नाही की बबली खातेय का.

तिचं बिल मी बघितलं. मोठ्या कुत्र्यानं लहानाला धरून झटकलं की वरून दोन भोकं दिसतात, आत कातडी मांसापासून सुटलेली असते. म्हणून लगेच सगळे टाके घालत नाहीत, नळी ठेवतात, पुन्हा पुन्हा ड्रेसिंग करतात. एक्स-रे, भूल, औषधं, सगळं धरून १४,६०० रुपये. हा झाला खरा आकडा. तुझ्या नोटिशीतले 'मानसिक त्रासापोटी पाच लाख' कुठून आले? वकिलानं विचारलं असेल, किती लिहू? आणि त्या नोटिशीला उत्तर द्यायला याला दुसरा वकील.

कोर्टात जायचंच म्हणता? जा. नेपियन सी रोडवर मे २०१० मध्ये एका रॉटवायलरनं मालकाच्याच वृद्ध नातेवाइकाला चावा घेतला. तिथे माणूस जखमी होता, गुन्हा सरळ बसत होता. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा कधी झाली? २०२३ मध्ये. रॉटवायलर नऊ-दहा वर्षं जगतो. तुमच्या निकालाच्या दिवशी सीझरही नसेल, बबलीही नसेल. तो पोरगा पंचविशीचा असेल, आणि त्याला साक्षीला बोलावतील.

तेवढ्यात सेक्रेटरींनाही हुरूप आलाय. मोठ्या कुत्र्यांना लिफ्टबंदी, सीझरला सोसायटीबाहेर काढा, 'बंदी असलेली जात' आहे म्हणे. केंद्राचं तेवीस जातींवर बंदी घाला म्हणणारं पत्र मार्च २०२४ चं. त्यात जर्मन शेफर्ड नाही. आणि एप्रिलमध्येच कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. सेक्रेटरींना माझ्याकडे पाठवा, वेगळं बोलेन.

आता ऐका. सीझर पोराच्या हातात द्यायचा नाही, बाहेर पडताना मुसकं घालायचं, लस उद्या सकाळी. बबलीला पट्ट्याशिवाय जिन्याखाली उतरवायचं नाही. तू आधी डॉक्टरकडे जा आणि मग चौकीत, दोघं बरोबर, मिटलं असं लिहून द्यायला. बिलाचे चार भाग. जनावर याचं, चावला तो, स्वभाव माहीत असून पोराच्या हाती दिला, म्हणून तीन भाग याचे, १०,९५०. पट्टा खिशात ठेवण्याचे तुझे ३,६५०. ही माझी वाटणी आहे, कोर्टाची नव्हे. पटत नसेल तर फाइल उचला, दार उघडं आहे.

नाही ना उठलात? मग फोन काढ. आत्ता, माझ्यासमोर. पाठवलेस? तुला मेसेज आला का? ठीक. हा कागद घे, पावती लिही. तारीख घाल, रक्कम अक्षरी घाल. अरे, 'हक्क राखून' कशाला लिहितोयस? खोड ते. आणि 'पॉमेरेनियन' नको, 'बबली' लिही.