चिठ्ठी टाकणारे डॉक्टर

डॉक्टरकडे माणूस जातो तो ‘आता काय करायचं ते तुम्हीच सांगा’ असे म्हणायला. अशा वेळी ‘उपचार तीन आहेत, त्यांतला कोणता बरा हे आम्हाला माहीत नाही, आपण चिठ्ठी टाकू’ असे उत्तर मिळाले तर? ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या चाचणीत रुग्णांना हेच सांगितले गेले आणि 1,643 पुरुषांनी होकार दिला.

1999 ते 2009 या काळात तिथे 50 ते 69 वयाच्या 82,429 पुरुषांची पीएसए ही रक्ततपासणी झाली. त्यांतल्या काहींना प्रोस्टेट ग्रंथीपुरताच मर्यादित असलेला कॅन्सर निघाला. हा आजार पुष्कळदा इतका संथ असतो की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. उलट शस्त्रक्रियेने किंवा रेडिएशनने लघवीवरचा ताबा वा लैंगिक क्षमता जाऊ शकते. मग कापायचे, किरण द्यायचे, की नुसते लक्ष ठेवायचे? यावर तज्ज्ञांचे एकमत नव्हते. बेंजामिन फ्रीडमन यांनी 1987 साली मांडले होते की, एकट्या डॉक्टरचा कल कुठेही असो, तज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद असेल तर चिठ्ठी टाकणे नीतीला धरून आहे.

कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात. कौल लावणाऱ्याची श्रद्धा असते की आपल्याला नसले तरी देवाला उत्तर माहीत आहे. इथे चिठ्ठी टाकायची ती उत्तर कुणालाच माहीत नाही म्हणून. हे मान्य करणे रुग्णाला जड जाते, तसे डॉक्टरलाही.

सुरुवातीला चिठ्ठीला साधारण 40 टक्केच पुरुष तयार होत. जेनी डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांशी होणारी बोलणी ध्वनिमुद्रित करून ऐकली. तिसऱ्या पर्यायाचे नाव होते ‘लक्ष ठेवून वाट पाहणे’. रुग्ण त्याचा अर्थ घेत, ‘मी मरेपर्यंत हे बघत बसणार’. ते नाव बदलून ‘सक्रिय देखरेख’ केले, तिन्ही पर्याय सारख्याच वजनाने सांगायला सुरुवात झाली, आणि होकार 70 टक्क्यांवर गेले.

इथे शंका यायलाच हवी. शब्द बदलले म्हणून होकार वाढले, तर ही समजावणी की विक्री? होकारांचा आकडा याचे उत्तर देऊ शकत नाही. चतुर विक्रेत्याचा आकडाही वाढतोच. माझ्या मते कसोट्या दोन. पहिली, जुने शब्द तटस्थ होते का? नव्हते. देखरेखीखालच्या माणसाच्या नियमित तपासण्या होणार होत्या आणि गरज पडली तर उपचारही मिळणार होते. जुन्या नावात हे दिसतच नव्हते. तराजू आधीच कललेला होता. दुसरी, ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय झाले? त्याला हवा तो उपचार निवडता आला. नकाराची किंमत मोजावी लागत नसेल, तरच होकाराला अर्थ असतो.

पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2023 साली आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने 45 जण, म्हणजे 2.7 टक्के गेले. देखरेखीच्या गटात हे प्रमाण 3.1, शस्त्रक्रियेच्या 2.2 आणि रेडिएशनच्या 2.9, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा नाही. मात्र आजार शरीरात इतरत्र पसरला तो देखरेखीच्या गटात 9.4 टक्के पुरुषांमध्ये, उरलेल्या दोन्ही गटांत सुमारे 5 टक्के. शिवाय देखरेखीतल्या 61 टक्क्यांनी पुढे शस्त्रक्रिया वा रेडिएशन घेतलेच.

म्हणजे माहिती मिळाली, तरी ‘तुम्हीच सांगा’ला उत्तर नाही. आधी ते नव्हते कारण पुरावा नव्हता. आता पुरावा आहे, पण एकाला पसरण्याची भीती सोसवत नाही आणि दुसऱ्याला ओले कपडे सोसवत नाहीत, हे कोणत्याही चाचणीतून निघणार नाही. आपल्याकडे डॉक्टर अशा वेळी सवयीने स्वतःच निर्णय देऊन टाकतात आणि रुग्णाला हायसे वाटते. त्या हायसे वाटण्याच्या बदल्यात रुग्णाचा प्रश्न मात्र कुणी विचारलेलाच नसतो.