खेळाचा नियम कोणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या त्या दिवसांत, रेवदंडा-कोर्लईकडील एक माउली मिस्सा आटोपल्यावर आमच्यापाशी आली. म्हणाली, "फादर, धाकटा पाचवीत आहे. शाळेत संगणकावर खेळच खेळतात म्हणे. आम्ही मासळी विकून पोराला शाळेत धाडतो, ते खेळायला का?" तिला लगेच उत्तर देणे आम्हांस जमले नाही.

खेळातून शिक्षण ही कल्पना नवी नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे १९५७ साली ते कोसबाडला नेले. तेथे शंख-शिंपले, खडे, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. संत थॉमस अक्वायनस यांनी तर तेराव्या शतकातच सांगून ठेवले, की देहाला जशी विश्रांती तसा आत्म्याला खेळ हवा. तेव्हा खेळ वाईट नाही. मात्र खेळाखेळांत भेद आहे आणि तो ओळखणे हे पालकांचे नैतिक कर्तव्य आहे.

संगणकावरील एक खेळ असा: उत्तर बरोबर आले की पडद्यावर चांदणी चमकते, चुकले की कर्कश आवाज होतो. नियम दुसऱ्याचा, बक्षीसही दुसऱ्याचेच. मुलाने केवळ कळ दाबायची.

दुसऱ्या प्रकाराचा उगम १९६७ सालचा. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा रचली. 'पुढे जा', 'वळ' अशा आज्ञा देऊन मूल पडद्यावरील कासवाकडून आकृती काढून घेते. २००७ साली आलेले 'स्क्रॅच' याच कुळातले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. समजा, मुलाला समभुज त्रिकोण काढायचा आहे. प्रत्येक कोन ६० अंशांचा, म्हणून ते कासवाला ६० अंश वळायला सांगते. आकृती मिटतच नाही. येथे कोणी रागावत नाही, चांदणीही मिळत नाही. वाळूत उतरून मूल स्वतःच त्रिकोणाच्या कडेने चालले, तर त्याला उमगते की कोपऱ्यावर वळायचे ते १२० अंश. चुकीने त्याला लाजवले नाही, वाट दाखवली.

हा भेद आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना पाठ करणाऱ्या मुलांना आम्ही चकचकीत कागदी चांदण्या वाटल्या. मुले भराभर पाठ म्हणू लागली आणि आम्ही मनोमन सुखावलो. नाताळानंतर चांदण्या संपल्या. तेव्हा एका लहानगीने विचारले, "फादर, आता कशासाठी म्हणायची?" तो प्रश्न तिच्या तोंडी आम्हीच घातला होता. प्रार्थनेचे मोल आम्ही कागदाच्या तुकड्याइतके करून ठेवले होते.

मुलाला लालूच दाखवून शिकवले, तर ते विद्या नव्हे, सौदा शिकते. चुकले की लपवावे, हेही शिकते. उलट, स्वतः रचलेले स्वतः तपासावे, चूक शोधावी, मान्य करावी आणि सुधारावी, ही सवय जडली तर ती गणिताच्या तासापुरती राहत नाही. आपली चूक उघड्या डोळ्यांनी पाहता येणे, हा सदाचाराचा पाया आहे.

तरीही एक सावधगिरी हवी. संगणक निमूटपणे आज्ञा पाळतो. शेजारचा सवंगडी पाळत नाही. किनाऱ्यावर खेळताना मुले भांडतात, रुसतात आणि शेवटी सर्वांना मान्य होईल असा नियम ठरवतात. दुसऱ्याचे मन राखण्याचा हा धडा कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. म्हणून पडद्यापुढील तासाने वाळूतील तास गिळता कामा नये.

पुढच्या रविवारी त्या माउलीस आम्ही एवढेच सांगितले: मुलगा घरी आला की 'किती गुण मिळाले' असे विचारू नका. 'आज काय रचलेस? कुठे चुकले? मग काय केलेस?' असे विचारा. त्याच्याकडे सांगण्यासारखे असेल, तर तुमच्या कष्टाचा पैसा सत्कारणी लागला.

ती जायला वळली आणि थांबून म्हणाली, "फादर, असं आम्हांला कोणी विचारलंच नाही कधी." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.